पहिल्याच वाक्यात

जर्मनीत मी धर्मशास्त्र शिकायला गेलो तो पलटणीचा पाद्री होऊनच परत यायचं, असं ठरवून. ठरवलं होतं बाबांनी. मी फक्त मान डोलावली होती, आणि आमच्या घरात एकदा मान डोलावली की विषय संपायचा.

बाबा नगरजवळच्या एका गावात मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्याआधी तरुणपणी, पहिल्या महायुद्धात, ते इस्पितळातला वॉर्डबॉय म्हणून पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आले होते. तिथल्या तंबूंत आपल्याकडची पोरं तापाने आणि जखमांनी मरत होती, आणि शेवटच्या घटकेला त्यांच्याशी दोन शब्द मराठीत बोलायला बाबांखेरीज कुणी नव्हतं. साहेबांचा पाद्री यायचा, इंग्रजीत प्रार्थना करायचा आणि पुढच्या खाटेकडे जायचा. बाबा ते कधी विसरले नाहीत. मला जरा अक्कल येतेय असं दिसताच त्यांनी सांगून टाकलं, "तू पलटणीचा पाद्री हो. मरणाऱ्याजवळ आपल्या बोलीतलं माणूस पाहिजे." मला खरं तर हायस्कुलात इतिहास शिकवायचा होता आणि संध्याकाळी पोरांना क्रिकेट. ते मनातच राहिलं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. न्यूर्नबर्गच्या बाजूला एका छोट्या गावात आमची सेमिनरी होती. माझ्या बरोबरीची जर्मन मुलं अभ्यासू, सरळ, आणि सतत कशावर तरी रागावलेली. त्यांच्या देशाने नुकतंच नवं सैन्य उभं केलं होतं आणि त्याचा त्यांना संताप होता. कुणाचा बाप मागच्या युद्धात गेलेला, कुणाचा भाऊ. मी एकदा जेवताना सांगितलं की मला लष्करी पाद्री व्हायचंय, तर समोरच्याने चमचा खाली ठेवला. "अहिंसेच्या देशातून येऊन?" त्याने विचारलं. आता त्याला काय सांगणार, आमचं अर्धं नगर म्हणजे छावणीच आहे म्हणून! त्या दिवसापासून माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामी असायची. मला राग यायचा, पण भाषा अपुरी असली की राग गिळायची सवय होते.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एखाद्या मंडळीत, म्हणजे एखाद्या देवळाच्या ख्रिस्ती समाजात, जाऊन पाळकाच्या हाताखाली काम शिकायचं, अशी रीत होती. मी मागून घेतलं ते गाव कार्प माशांच्या तळ्यांचं. तिथल्या पाळकसाहेबांकडे देवळाबरोबरच जवळच्या नव्या छावणीचंही काम होतं. ते स्वतः युद्धात रशियाच्या आघाडीवर पाद्री होते. डाव्या हाताची दोन बोटं तिथल्या थंडीत गेली होती, आणि बोलण्यातला सगळा मऊपणाही बहुधा तिथेच राहिला होता. हाताखालच्या शिकाऊ पाळकाला तिकडे 'विकार' म्हणतात. तिथे श्रीयुताला 'हेर' म्हणतात, म्हणून गावातले लोक मला अदबीने "हेर विकार" म्हणायचे, आणि आपल्याला काय म्हणून हाक मारली जातेय हे समजणारा त्या गावात मी एकटाच होतो.

ते गाव मला शेवटपर्यंत आवडलं नाही. शरद ऋतूत तळी उपसून मासे काढले की मागे नुसता काळा चिखल उरायचा, आणि त्यावर दुपारी बारालाही धुकं. रविवारी उपासना झाली की मी सायकल काढून हेर्त्सोगेनआउराखपर्यंत जायचो. तिथे बुटांचे कारखाने होते आणि टेकडीवर अमेरिकनांची छावणी. तिच्या कुंपणाशी उभं राहिलं की कुणाच्या तरी रेडिओवरची गाणी ऐकू यायची. तेवढीच करमणूक. छावणीतल्या जवानांचा तास मात्र मला बरा वाटायचा. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, मी पवित्र शास्त्रातलं काही सांगायला लागलो की हात वर करून सापांबद्दल विचारायची. मीही मग सापांबद्दलच सांगायचो.

पहिल्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी मला समोर उभं करून सांगितलं, "उपदेश कुणीही करतो. लष्करी पाद्र्याचं खरं काम एकच, घरी जाऊन सांगणं. ते तुम्हाला जमतं हे मी डोळ्यांनी पाहीन, तेव्हाच तुमच्या दाखल्यावर सही करीन." आणि मग नियम सांगितला. दारात टोपी काढायची. बसायचं नाही. कॉफी घ्यायची नाही. पहिल्याच वाक्यात 'टोट' हा शब्द आला पाहिजे. टोट म्हणजे मेलेला. गेला नाही, देवाघरी नाही, पडला नाही. टोट.

ह्या नियमाचं कारण त्यांच्याच घरात होतं. पाळकीणबाईंचा धाकटा भाऊ रशियात गेला तो आलाच नाही. सरकारने कळवलं, 'फेरमिस्ट' म्हणजे बेपत्ता. त्याला किती वर्षं झाली होती, तरी दर वसंतात पाळकीणबाई त्याचा लोकरी कोट कपाटातून काढायच्या, मागच्या अंगणात ऊन द्यायच्या, ब्रश करून परत टांगायच्या. शेवटचे युद्धकैदी सुटून घरी आले तेव्हा त्या रोज स्टेशनवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या, असं मला गावातल्या लोकांनी सांगितलं. पाळकसाहेब कोटाकडे बघायचे नाहीत. मला एकदा एवढंच म्हणाले, "एक शब्द कुणी वेळेवर सांगितला असता तर ही बाई आज म्हातारी दिसली नसती."

मला त्यांचं म्हणणं पटत होतं. पण पटणं वेगळं आणि तोंडातून शब्द निघणं वेगळं. आमच्याकडे मरणाची बातमी लांबच्या माणसाला कुणी सांगतच नाही. त्याला म्हणायचं, "जरा सीरियस आहे, ताबडतोब निघ." माणूस घरी पोचतो, चार माणसं त्याला धरायला पुढे होतात, मग जे काय ते त्याला दिसतंच. मी नगरला मिशनच्या बोर्डिंगमध्ये होतो तेव्हा माझे काका सायकलवरून मला न्यायला आले. म्हणाले, "आई जरा सीरियस आहे, चल." वाटेत एका हॉटेलात थांबवून त्यांनी मला जिलेबी खाऊ घातली. घरी पोचलो तर अंगणभर माणसं. त्या जिलेबीची चव अजून कडू वाटते असं मी म्हणायला पाहिजे. पण खरं सांगतो, ती गोड लागली होती. तेवढा तासभर माझी आई जिवंत होती.

नोव्हेंबरात सरावाच्या वेळी एक ट्रक उलटला आणि सापांबद्दल विचारणाऱ्या पोरांपैकी एक त्याखाली सापडून मेला. त्याची आई विधवा होती, तासाभराच्या अंतरावर एका वस्तीवर तिच्या दोन गाई आणि बिटाचं शेत होतं. आम्ही लष्कराच्या गाडीतून निघालो. बरोबर एक कॅप्टन होता, तो रस्ताभर हातमोजे काढत होता आणि घालत होता. पाळकसाहेब म्हणाले, "आज तुम्ही बोला." मी वाक्य मनात घोकत बसलो. चारच शब्द होते, शाळेतल्या पोरालाही पाठ झाले असते.

बाई स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होती. आम्हाला पाहून ती उठली आणि एप्रनला हात पुसले. मी टोपी काढली. तिच्या मनगटावर सफरचंदाच्या सालीची एक बारीक पट्टी चिकटली होती, ती मला दिसली, आणि माझ्या तोंडून निघालं, "बाई, तुमचा मुलगा फार आजारी आहे. तुम्हाला आमच्याबरोबर यावं लागेल."

ती जी हलली ती वाऱ्यासारखी. खिडकी उघडून तिने शेजारणीला गाईंची धार काढायला सांगितलं. कुठलं इस्पितळ, शुद्धीवर आहे का, मला विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता कपाटातून त्याचा रात्रीचा धुतलेला पोशाख काढला. मला तर सगळं रीतीप्रमाणेच चाललंय असं वाटत होतं. आता ही गाडीत बसेल, वाटेत हळूहळू हिला समजेल, तिथे कुणीतरी बाई हिला धरेल. पाळकसाहेब पुढे झाले.

"बाई, तुमचा मुलगा मेला आहे," ते म्हणाले. "आज सकाळी. टोट."

ती पोशाख हातात धरून उभी राहिली. पाळकसाहेबांकडे तिने बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "मग ह्याने तसं का सांगितलं?" तिने विचारलं.

परत येताना पाळकसाहेबांनी माझी हजेरी घेतली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुम्ही तिचा मुलगा दोनदा मारलात," ते म्हणाले.

"आमच्याकडे असंच सांगतात," मी म्हणालो. "आणि ऐकणाऱ्या मोठ्या माणसाला आतून माहीत असतं."

"माहीत असतं, तर मग खोटं सांगायचं कशाला?"

कॅप्टन खिडकीबाहेर बघत होता. मला त्या दोघांचाही राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. त्या बाईचा चेहरा आजही एकटा असलो की समोर येतो.

त्यानंतर थंडी कडक पडली, नाताळ आला आणि गेला. छावणीत, देवाची कृपा, कुणी मेलं नाही, आणि त्यामुळे माझा दाखला अडकून राहिला. असा विचार मनात यायचा आणि स्वतःचीच शिसारी यायची. बाबांना मी पत्रात लिहिलं की काम चांगलं चाललंय. त्यांचं उत्तर आलं, "गणवेश मिळाला की फोटो पाठव, म्हणजे शाळेत लावतो." गणवेश बिणवेश कुठला! पण त्यांचं अक्षर तेच होतं, मास्तरी, ओळीवर बसलेलं, आणि पत्रात तब्येतीबद्दल एक अक्षर नव्हतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी मुलांचा वर्ग संपवून मी देवळाच्या हॉलमध्ये खुर्च्या एकावर एक रचत होतो. पाळकसाहेब आत आले. त्यांनी टोपी काढली आणि माझ्यासमोर ताठ उभे राहिले. ते तसे उभे राहिलेले मी एकदाच पाहिले होते, त्या विधवेच्या स्वयंपाकघरात. हातातली खुर्ची मी खाली ठेवली.

"मिशनच्या ऑफिसातून फोन होता," ते म्हणाले. "तुमच्या घरून तार आली आहे. तुमचे वडील फार आजारी आहेत आणि तुम्हाला लगेच बोलावलं आहे. ते जिवंत आहेत."

शेवटचं वाक्य त्यांनी सावकाश म्हटलं. ते त्यांनी आपल्या मनाने जोडलं होतं, माझ्यासाठी. तारेचा त्यांना जो अर्थ कळला तो त्यांनी प्रामाणिकपणे पहिल्याच दमात सांगितला होता. ह्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला खोटी आशा लावली नव्हती. त्यामुळे मी विश्वास ठेवला. अगदी मनापासून ठेवला. बाबा खाटेवर आहेत, डॉक्टर येऊन गेलाय, मी पोचेन आणि ते म्हणतील, गणवेश कुठाय. देवळापासून, मी राहायचो त्या पाळकसाहेबांच्या घरापर्यंत बर्फातून मी जवळजवळ पळतच गेलो.

घरात पाळकीणबाईंनी माझी बॅग उघडून पलंगावर ठेवली होती. मिशनवाल्यांनी फ्रांकफुर्टहून विमानाची सोय केली होती, तासाभरात निघायचं होतं. बाई वडिलांसाठी म्हणून एक लोकरी बनियन घडी करत होत्या. "छातीचा आजार आहे का?" त्यांनी विचारलं. "हे त्यांना उबदार होईल. आणि हा प्लमचा मुरंबा, आजारी माणसाच्या तोंडाला चव येते." बरणीला त्यांनी टॉवेल गुंडाळला होता. त्यांचे हात भराभर चालले होते. कुठेतरी पाहिले होते मी असे हात चालताना, आणि कुठे, ते मला आठवलं.

"तार कुणी केली आहे?" मी पाळकसाहेबांना विचारलं.

"तुमच्या काकांनी."

बाबांना काही झालं असतं आणि ते शुद्धीवर असते, तर त्यांनी तार करू दिली नसती. परीक्षा आटपू दे म्हणाले असते. आणि काकांनी तर आयुष्यात मला एकदाच असं बोलावलं होतं. पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. मनात आलं, गप्प राहावं. बॅग भरून घ्यावी, बनियन घ्यावं, मुरंबा घ्यावा, विमानात बसावं. बसरा बहुधा वाटेतच कुठेतरी खाली लागेल. तिथपर्यंत तरी बाबांना जगू द्यावं. पण बाई आता बरणी बॅगेत नीट बसवायला कपडे सरकवत होत्या, आणि ते मला बघवेना.

मी उभाच होतो. टोपी अजून डोक्यावर होती, ती काढली.

"माझे वडील मेले आहेत," मी म्हणालो. "टोट."

"नाही, नाही," पाळकसाहेब म्हणाले. "ऑफिसने मला तार दोनदा वाचून दाखवली. आजारी, असंच आहे. आशा सोडू नका."

"ते मेले आहेत. आमच्याकडे असंच कळवतात."

मी त्यांना कधी गोंधळलेलं पाहिलं नव्हतं. ते खुर्ची ओढून खाली बसले. बसायचं नाही हा सांगणाऱ्याचा नियम होता. त्या वेळी सांगणारा मी होतो. बाई मात्र उभ्याच राहिल्या. बरणीवरचा हात त्यांनी काढला नाही.

"मग त्यांनी खोटं का कळवलं?" त्यांनी विचारलं. तोच प्रश्न. पण ह्यांनी तो रागाने विचारला नव्हता.

"वाट लांब असते," मी म्हणालो. "वाटेत माणूस एकटा असतो. एकटं असताना कळू नये म्हणून. घरी पोचल्यावर सगळे असतात."

बाईंनी बरणीवरचा टॉवेल पुन्हा घट्ट गुंडाळला. मग म्हणाल्या, "मला तर कुणी बोलावलंच नाही."

त्यांनी मुरंबा आणि बनियन बॅगेतच ठेवलं आणि बॅग बंद केली. फ्रांकफुर्टपर्यंत पाळकसाहेबांनी गाडी स्वतः चालवली, एरवीसारखी भरधाव नाही, सावकाश. उतरताना म्हणाले, "दाखला मी टपालाने पाठवतो." मी "बरं" म्हणालो. एवढं बोलून आम्ही हात मिळवले. पुढे त्यांची-माझी भेट झाली नाही.

मी मुंबईला उतरलो, गाड्या बदलत नगरला पोचलो. स्टेशनवर काका उभे होते. मला वाटलं होतं त्याहून ते पुष्कळ म्हातारे झाले होते. "सलाम, बाळा," म्हणाले. "दादा जरा सीरियस आहेत. चल, आधी चहा घेऊ." बाबांना ते दादा म्हणायचे.

आम्ही स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बसलो. काकांनी चहा सांगितला आणि न विचारता जिलेबी सांगितली. बशी माझ्यापुढे सरकवताना पाक टेबलावर सांडला. ते पाकाकडेच बघत राहिले. पुढे गाव येणार होतं, तिथल्या रिकाम्या घरात मला कसं न्यायचं आणि दफन उरकलंय हे कधी सांगायचं, ह्याच विवंचनेत त्यांचे मागचे चार दिवस गेले असणार.

मी उठून उभा राहिलो. जर्मनमध्ये ते वाक्य एकदा निघालं होतं. मराठीत निघेना. आपल्या बापाबद्दल तो शब्द आपल्या भाषेत तोंडावाटे काढायचा म्हणजे काय, हे तिथे मला कळलं.

"काका," मी म्हणालो, "बाबा गेले."

काकांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, आणि मग, खोटं कशाला बोलू, सुटका. "तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, काका. मीच सांगितलं."

त्यांना त्याचा अर्थ कळला नसेल. तिथेच, भर हॉटेलात, ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. मी त्यांच्या शेजारी बसलो, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बोलत राहिलो. काय बोललो ते आता आठवत नाही. मराठीत बोललो.